माणूस चांगला हाय

डिसेंबर २०२२ मधल्या सरपंचपदाच्या निवडणुकीतली माझी वही अजून माझ्याकडे आहे. लांबोडकी, दोनशे पानी, दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली. आमच्या गावातल्या ४११ घरांची नावं तिच्यात आहेत आणि प्रत्येक नावापुढं त्या घरात मिळालेलं उत्तर, जमेल तेवढं त्यांच्याच शब्दांत. ‘माणूस चांगला हाय’ हे उत्तर ११७ ठिकाणी आहे. त्या प्रत्येक ठिकाणी मी हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली होती. त्या हिरव्या खुणांच्या जिवावर आम्ही दीडशेचं लीड धरून बसलो होतो. पडलो ६३ मतांनी.

गंमत म्हणजे उमेदवार ‘माणूस’ नव्हताच. सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव होतं आणि उभ्या होत्या माझ्या वहिनी, थोरल्या चुलत भावाची बायको. पण मी दारात जाऊन ‘वहिनी उभ्या आहेत, लक्ष असू द्या’ म्हटलं की समोरून उत्तर यायचं ते दादाबद्दल. ‘दादा व्हय? माणूस चांगला हाय की.’ एवढी घरं हिंडलो, मला ते एकदाही खटकलं नाही. आणि मी पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात पंधरा वर्षं घालवलेला माणूस. लोक मालाबद्दल बोलतात काय आणि विकत घेतात काय, हे परक्यांना शिकवायचे मी पैसे घेतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. इथं उमेदवाराच्या स्वभावाची चर्चा करायला कुणाला शिकवावं लागत नाही. १९६२ पासून ज्यांना तालुक्यानं अकरा वेळा आमदार केलं, त्या गणपतराव देशमुखांची, म्हणजे आबासाहेबांची मोजपट्टी प्रत्येक पारावर टांगलेली आहे. शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा लाल बावटा आणि एसटीचा प्रवास. २०२१ च्या जुलैत ते गेले, पण आमच्या प्रचारात त्यांचं नाव जितक्यांदा निघालं तितक्यांदा आमच्या उमेदवाराचंही निघालं नसेल. देवळामागचे एक म्हातारे मला म्हणाले, ‘आबासाहेबांनी माझ्या पोराला काय नोकरी लावली न्हाय. पण पंढरपूरच्या गाडीत माझ्या शेजारी बसून आल्यात.’ वाक्य सुरू केलं होतं तक्रारीच्या सुरात, संपवलं छाती पुढं काढून. मी वहीत त्यांच्यापुढं ‘कुंपणावर’ असं लिहिलं. ते काय सांगत होते ते कळलंच नव्हतं.

तरी लोक मोजपट्टीपुढं डोळे मिटून बसतात असंही नाही. याच आबासाहेबांना तालुक्यानं १९७२ ला आणि १९९५ ला घरी बसवलं. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडलं ते १९२ मतांनी. २०१९ ला आबासाहेब थांबले, नातू उभा राहिला आणि पुन्हा शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरला. सातबाऱ्यावर वारस लागतो तसा तो मतांवर लागत नाही, असं त्या वेळी हॉटेलात कुणीतरी म्हणालं होतं. आणि २०२२ च्या जूनमध्ये तर शहाजीबापूंचं ‘काय झाडी, काय डोंगार’ उभ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. आमच्या निवडणुकीला जेमतेम सहा महिने उरले होते. गावातल्या पोरांच्या डोक्यात एकच, आपल्याला पण असलं एक वाक्य पाहिजे. त्यांनी दादाला डाळिंबाच्या बागेत उभं केलं, मोबाइल धरला आणि म्हणाले, दादा, बोला काहीतरी झाडावर. दादा झाडाकडं बघून म्हणाला, ‘खोडकिडा लागलाय ह्याला. तुमास्नी रील सुचतंय?’ आम्ही ते पुसून टाकलं. अख्ख्या प्रचारात दादा मनापासून काही बोलला असेल तर तेवढंच, आणि आम्ही तेच पुसलं.

थेट सरपंचाची भानगड थोडी सांगायला हवी. २०१७ मध्ये गावकऱ्यांनीच सरपंच निवडायचा असा कायदा झाला. २०२० मध्ये तो मागं घेतला, पुन्हा सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा असं ठरलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि परत थेट निवड आली. ऐकायला हा कागदावरचा बदल वाटतो, पण गावात त्यानं सगळी रीतच बदलते. सदस्यांतून निवड असते तेव्हा आमच्यासारख्या नऊ सदस्यांच्या गावात पाच जण धरून ठेवले की झालं. त्यांना सहलीला नेता येतं, देवदर्शन घडवता येतं. थेट निवडीत एकच नाव घेऊन प्रत्येक उंबऱ्यावर जावं लागतं, आणि उंबऱ्याच्या आतले लोक त्या नावाला आतून बाहेरून ओळखत असतात. शहरातला मतदार उमेदवाराचा स्वभाव फ्लेक्सवरून आणि टीव्हीवरून ताडतो. आमच्याकडं त्यानं बांध कोरलेला असतो, नाहीतर बांधावरून ट्रॅक्टर जाऊ दिलेला असतो. पक्षाचं चिन्हही नसतं, त्यामुळं आडोसा कसलाच नाही.

बिनविरोधसाठी देवळात दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत सभामंडपाच्या फरशीचा खर्च कुणी करायचा यावर बोलणं फाटलं आणि निवडणूक लागली. अर्ज भरायची मुदत २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. ऑनलाइन भरायचा होता आणि सगळ्या महाराष्ट्रातली गावं एकाच वेळी त्या संगणकावर तुटून पडलेली. तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात रात्री दोनपर्यंत आम्ही गोल फिरणारं चक्र बघत बसलो. शेवटच्या दिवशी कागदी अर्ज घ्यायची परवानगी मिळाली तेव्हा जीव भांड्यात पडला. अपत्यांचं प्रमाणपत्र, शौचालयाचं, थकबाकी नसल्याचं, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. आमच्या आकाराच्या गावात सरपंचाच्या उमेदवाराला ५० हजारांची खर्चमर्यादा. तिच्याबद्दल जास्त बोलत नाही.

चिन्ह घेतलं छत्री. दादाचीच निवड. ‘गावावर छत्र धरू’ असं भाषणात बसतं म्हणून. पुढं एका वस्तीवर एक बाई फस्सकन हसून म्हणाली, ‘दुष्काळी तालुक्यात छत्री? वैनी, तुमी शिलाईचं मशीन का घेतलं न्हाय?’ वहिनी माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. त्यांना चिन्ह कोणतं हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

वहिनी ब्लाऊज शिवतात, हे इतका वेळ सांगायचं राहिलं. प्रचारातही ते तसंच राहून गेलं. पत्रकावर आम्ही ‘सुशिक्षित, सुसंस्कृत, सर्वांना सोबत घेऊन जाणारे नेतृत्व’ असं छापलं होतं. फ्लेक्स पुण्यात माझ्याच ओळखीच्या माणसानं केला. त्यानं फोनवर विचारलं, मॅडमचा फोटो लहान ठेवू का, साहेबांचा जास्त क्लिअर आहे. मी म्हटलं, ठेव. दादा पांढऱ्या शर्टात हात जोडून, कमरेपासून वर. वहिनी कोपऱ्यात, डोक्यावर पदर, रेशनकार्डावर असतो तसला चेहरा. मी व्यवसायानं हेच काम करतो आणि हा फ्लेक्स मी पास केला.

आमचं गणित होतं दादाच्या स्वभावावर. दादाचं कृषी सेवा केंद्र आहे. माणूस हिशोबाला चोख. पावती फाडल्याशिवाय माल देत नाही आणि चार आणे जास्त घेत नाही. खतात कधी भेसळ नाही. दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं मोजकं. आम्हा घरच्यांना वाटायचं, असा माणूस पंचायतीत बसला की गावाचं भलंच होणार. कोपरा सभेत दादा उभा राहायचा आणि गावाला किती निधी आला, कुठल्या कामाला किती लागला, याचे आकडे एका दमात सांगायचा. चौदाव्या, पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे, गटारीचं बिल, नळ योजनेचं बिल. एक आकडा चुकायचा नाही. लोक गप्प बसून ऐकायचे. त्या गप्प बसण्याला मी ‘प्रभाव पडला’ असं समजत होतो.

समोरच्या बाईंचा नवरा याच्या अगदी उलटा. त्याची एक पिकअप आणि एक ट्रॅक्टर. मागच्या पाच वर्षांत पंचायतीची बारीकसारीक कामं त्यानंच केली होती, आणि त्यातली एक गटार वर्षाच्या आत बसली, हे सगळ्या गावाला दिसत होतं. दादानं भाषणात त्या गटारीचा हिशोब काढला तेव्हा लोक हसले, माना डोलावल्या. मला वाटलं, आता संपला हा. रात्री हॉटेलच्या मागं तंबाखू मळत बसलेल्या एकाला मी खोदून विचारलं. तो म्हणाला, ‘खातंय की. कोण न्हाय म्हणतंय? पण येतंय.’

येतंय म्हणजे काय, हे मला नंतर कळत गेलं. रात्री दीडला कुणाच्या छातीत कळ आली तर फोन त्याला लागतो आणि पिकअप अंगणात येते. डिझेलचे पैसे कधी घेतो, कधी विसरतो. मयताला लाकडं पोचवतो. सावडायलाही हजर. लग्नात वाढप्यांत पदर खोचून, म्हणजे टॉवेल खोचून, उभा. तोंडानं शिवराळ, उधारी बुडवणारा, पण पोराटोरांच्या सकट सगळ्यांना नावानं हाक मारणारा. कुणाकडंही गेला तरी खुर्ची नको म्हणतो आणि उंबऱ्यावर टेकतो. आमचा दादा खुर्ची दिली की बसायचा, चहा आणला की ‘मी घेत नाही’ म्हणायचा. खरंच घेत नाही तो, पित्ताचा त्रास आहे. पण वेशीकडच्या वस्तीत ‘मी घेत नाही’ याचा अर्थ पित्त असा कोण लावेल? मी त्याला म्हटलं होतं, दादा, एक घोट घेत जा. तो म्हणाला, ‘मतासाठी खोटं प्यायचं व्हय रं बारक्या?’ त्याच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण घोट न घेता तो उठून निघाला की मागं राहिलेल्या कपाकडं घरातली बाई कशी बघत राहायची, ते मी दोनदा पाहिलं. वहीत त्याला रकाना नव्हता.

आणि उधारी. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी बघूनही न बघितल्यासारखी केली. त्या दोन-तीन वर्षांत सांगोल्याच्या डाळिंबाची दशा झाली होती. तेल्या होताच, त्यावर खोडकिडा आणि मर. उभ्या बागा लोकांनी जेसीबी लावून काढल्या. औषधांची बिलं मात्र दुकानात उभी. दादानं दिवाळीच्या आधी, सवयीप्रमाणं, प्रत्येकाला फोन करून बाकी सांगितली. आवाज चढवला नाही, एक वाकडा शब्द नाही. नुसती बाकी सांगितली, पैशासकट. दादाला यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण ती खरी होती. महिना-दीड महिन्यानं तोच माणूस हात जोडून दारात. मी वही घेऊन मागं. आता घरधनी काय म्हणणार? ‘माणूस चांगला हाय’ म्हणणार. दुसरं काही म्हणायची त्याची सोय तरी होती का?

तीन प्रभागांपैकी तिसरा, मळ्यातल्या वाड्या-वस्त्यांचा, आम्ही सोडून दिल्यात जमा होता. तिकडं समोरच्याची पाहुण्यांची घरं जास्त. दादा म्हणाला, आपली ताकद गावठाणात लावू, तिकडं वहिनीला आणि बायकांना फिरवून आणा, फॉर्म्यालिटी म्हणून. गाडी चालवायला मी. तीन दिवस गेलो. माझ्या वहीतली सगळ्यात निरुपयोगी पानं ती, कारण तिथं मला कुणी उत्तरच दिलं नाही. मी ओट्यावर बसायचो, वहिनी आत जायच्या.

पहिल्याच वस्तीवर त्यांनी मला गाडीवरचा स्पीकर बंद करायला लावला. ‘म्हातारी झोपल्या आसतीन.’ मग आतून आवाज यायचे ते असे. ‘ही बाही कुणी लावली गं? काखंत ओढती न्हाय का?’ ‘थोरलीला कितवा?’ ‘सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का, गेल्या खेपंला अंगठ्यानं चाचपडत हुक लावत होत्या.’ हसणं, मग एकदम हळू बोलणं, मग बराच वेळ काहीच नाही. एका घरात अर्धा तास गेला. मी घड्याळ बघत बाहेर येरझाऱ्या घालत होतो, कारण माझ्या हिशोबानं घरटी सात मिनिटं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या, पक्का ना? त्या म्हणाल्या, ‘इचारलंच न्हाय.’ मग अर्धा तास काय बोलत होतात? ‘तिचं जरा घरातलं होतं.’ पुढं एक शब्द नाही. मी पानावर प्रश्नचिन्ह काढलं. तिसऱ्या प्रभागात माझ्या वहीत ६२ प्रश्नचिन्हं आहेत.

एकदा तर चिडून म्हटलं, वहिनी, निदान छत्री तरी सांगा, बटण कितवं ते तरी सांगा. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या घरी जाऊन लाल पदराची इरकल कुठं मिळते यावर बोलल्या.

गावठाणात मात्र वहिनींची वेगळीच वाट लागली होती, आणि लावली आम्हीच. त्या दोन-तीन आठवड्यांत लग्नाच्या तारखा होत्या. दरवर्षी या दिवसांत वहिनींचं मशीन रात्री अकरापर्यंत चालतं. यंदा उमेदवार म्हणून त्यांना सकाळी नऊला बाहेर काढायचो ते रात्रीच परत. घरी टिपॉयवर पिशव्या साठत गेल्या. प्रत्येक पिशवीत एक साडी, एक पीस आणि चिठ्ठी. बायका यायच्या, कुलूप बघायच्या, जायच्या. दोघींनी पिशव्या परत नेल्या आणि सांगोल्यात शिवायला टाकल्या. मला कुणीतरी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, निवडून आल्यावर शिवतील की. ज्या खोलीत गावातली प्रत्येक बाई वर्षातून चारदा येऊन बसते ती खोली कुलूप लावून बंद करायची आणि तिच्या मालकिणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हार घालून उभं करायचं, याला आम्ही प्रचार म्हणत होतो. ट्रॉलीवर वहिनींचा हात जोडलेलाच राहायचा, नजर खाली. ‘बोला की दोन शब्द’ म्हटलं की ‘दादा बोलतील’ असं म्हणायच्या. नवऱ्याला त्या दादाच म्हणतात, सगळ्यांसारखं.

१८ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेसातला मतदान सुरू. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारचा, त्यामुळं काही गडी पहाटेच मत न देता गेले, ते दुपारी आणायचे होते. आम्ही शंभर मीटरच्या रेघेबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या फाडत होतो. ग्रामपंचायतीला मत एक नसतं, सरपंचाचं एक आणि प्रभागातले तीन सदस्य, अशी चार बटणं दाबायची. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी. आदल्या रात्री आम्ही प्रत्येक म्हातारीला शिकवलं होतं, आजी, निळ्या कागदावर छत्री. त्यातल्या एकीनं बाहेर आल्यावर मला बोलावून कानात सांगितलं, ‘छत्रीच दाबली बाळा. तुज्या दादाच्या तोंडाकडं बघून न्हवं हां. त्या लेकराकडं बघून.’ लेकरू म्हणजे वहिनी, वय वर्षं ४४. मी हसलो आणि विसरलो. समोरच्याची पिकअप त्या दिवशीही गावात चार-पाचदा फिरली. भाजीपाला न्यायला असेल.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर वही उघडून बेरीज झाली. पहिला प्रभाग ९० नं पुढं, दुसरा ८५ नं पुढं, तिसऱ्यात २५ नं मागं. दीडशे. दादानं बेरीज दोनदा तपासली. आकड्यांवर त्याचा विश्वास.

मोजणी मंगळवारी सांगोल्यात. आमच्या गावाचा नंबर लागायला साडेअकरा झाले. पहिलं मशीन उघडलं, पहिला प्रभाग, आपण ९८ नं मागं. मला वाटलं, उलटं वाचलं. दुसरा प्रभाग, ७१ नं मागं. दादा टेबलापाशी होता, मी जाळीच्या अलीकडं. त्यानं खिशातून कागद काढला, त्यावर काहीतरी मांडलं आणि तो घडी घालून परत ठेवला. बाहेर समोरच्यांचा गुलाल फुटायला लागला होता. तिसरं मशीन कुणी ऐकतही नव्हतं. तिसरा प्रभाग, वहिनी १०६ नं पुढं.

ज्या प्रभागात दादा एकदाही गेला नाही, स्पीकर वाजला नाही, गटारीचा हिशोब निघाला नाही आणि बटण कितवं हेही कुणी सांगितलं नाही, तिथं १०६. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. दादा एवढंच म्हणाला, ‘तिकडं काय केलंतं तुमी?’ मी म्हटलं, काही नाही. खरंच काही केलं नव्हतं.

पुढं दोनेक महिने मी शनिवार-रविवारी गावी गेलो की वही घेऊन बसायचो. हरल्यावर लोक जास्त खरं बोलतात. ज्या मित्रानं मला ‘येतंय’ सांगितलं होतं त्यालाच मी ती ११७ घरं दाखवली. त्यानं बोटानं एकेक नाव दाबत सांगितलं, हा दुकानाचा देणेकरी, हा देणेकरी, ह्याची बाकी कोर्टात जाईल म्हणून भ्यालेला, हा तुझ्या तोंडावर कसं बोलंल. मग म्हणाला, ‘आरं, आपल्याकडं ज्याला मत द्यायचं त्याला कोण चांगला म्हणतंय का? त्याला शिव्या देत्यात. घरचा आसतो त्यो.’ मी वहीत मागं जाऊन शोधलं. समोरच्याबद्दल बोलताना लोकांनी ‘बेनं’, ‘भामटं’, ‘बाराचं’ असले शब्द वापरलेली ५४ घरं होती. त्यांच्यापुढंही मी हिरव्या खुणाच केल्या होत्या.

म्हणून दादात खोट होती असं मी म्हणणार नाही. मला अजूनही वाटतं की तो पिकअपवाल्यापेक्षा बरा कारभार करेल, करवून घेईल. पण ज्याला आम्ही चोखपणा म्हणत होतो तोच उंबऱ्याच्या आतून कोरडेपणा दिसत होता. हा माणूस आपली चूक पोटात घालेल का, एवढाच प्रश्न होता लोकांचा. घरकुलाच्या यादीत एखादा कागद कमी पडला, पाणीपट्टी तटली, तर हा नियम दाखवेल की ‘बघू’ म्हणेल? दादा नियम दाखवणार, हे सगळ्यांना नक्की ठाऊक होतं. दुकानात बघितलं होतं. मतदार उमेदवाराचा स्वभाव बघतो असं आपण म्हणतो तेव्हा तो खरं तर आपल्या वाईट दिवशी हा कसा वागेल ते बघत असतो, निदान आमच्या गावात तरी. त्यात फसणूकही होते. ती गटार परत बसली, २०२३ च्या पावसात. तरी पिकअप अजून रात्रीची येते.

तिसऱ्या प्रभागाचं कोडं मला आईनं सोडवून दिलं, तेही अर्धवट. आई म्हणाली, त्या वस्तीवर एक जण आहे, तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. तिचे ब्लाऊज तुझी वहिनी शिवते, आतून कापूस भरून, असे की बघणाऱ्याला कळू नये. ‘चार वर्षं झाली. मला बी तिनं सांगितलं न्हाय, त्या बाईनंच सांगितलं.’ नाव आईनंही सांगितलं नाही. असल्या किती गोष्टी त्या मशीनपाशी येतात, देव जाणे. कुणाच्या पाठीवर वळ आहेत, हे माप घेणारीला दिसतं. कुणाला दिवस गेलेत, हे सासूच्या आधी हिला कळतं. आणि गावात अशी एकही कंडी नाही जी वहिनींच्या तोंडून बाहेर पडली. हिच्या पोटात राहतं, हे बायकांना माहीत होतं. आता हे फ्लेक्सवर कसं छापणार होतो आम्ही? छापलं असतं तर ते राहिलंच नसतं.

पण मशीनचं कुलूप तरी लावायला नको होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेला मत द्यायला मी गावी गेलो. त्या वेळी आबासाहेबांचे दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, शेकापकडून उभे होते, समोर शहाजीबापू. ‘काय झाडी’ तोपर्यंत लग्नाच्या वरातीतसुद्धा वाजून शिळं झालं होतं. बाबासाहेब २५ हजारांहून जास्त मतांनी आले. का आले याची पन्नास कारणं हॉटेलात ऐकली. मी या वेळी वही आणली नव्हती. मात्र देवळामागचे ते म्हातारे भेटले, त्यांना विचारलं, आजा पाडला होता, एक नातू पाडला, आता हा कसा चालला? ते म्हणाले, ‘हा मयताला येतो.’

निकालाच्या दिवशीची संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. घरात कुणी दिवा लावला नव्हता. दादा आतल्या खोलीत. अंगणात मांडवाचे बांबू तसेच उभे. मी ओसरीवर मोबाइल उलटा ठेवून बसलो होतो. एवढ्यात पहिल्या प्रभागातली एक बाई हातात पिशवी घेऊन आली. तिच्या घरापुढं माझ्या वहीत हिरवी खूण होती. ती माझ्याकडं न बघता सरळ वहिनींच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, ‘वैनी, शनवारी पोरीचं डोहाळजेवण हाय. आता तरी सवड आसंल न्हवं?’

वहिनींनी कुलूप काढलं. ट्यूब लागली. पिशव्यांच्या ढिगावर पत्रकांचा एक गठ्ठा होता, तो त्यांनी उचलून खाली ठेवला, त्यावर पाय देऊन स्टूल सरळ केलं आणि टेप गळ्यात अडकवली.

‘हात वर कर,’ त्या म्हणाल्या. ‘बारीक झालीस गं.’